अपडेट करू? ...नंतर बघू!

सकाळचे साडेनऊ. दहाला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. तुम्ही कॉफीचा मग टेबलावर ठेवता, लॅपटॉप उघडता आणि कोपऱ्यातून ती खिडकी हळूच डोकं वर काढते. ‘नवीन अपडेट तयार आहे. आता रीस्टार्ट करायचं?’ विचार करायच्या आतच तुमचं बोट ‘नंतर’वर गेलेलं असतं. उद्या पुन्हा तेच. परवाही तेच.

खरं सांगू? मीही तेच करते! आणि गंमत म्हणजे गेली कित्येक वर्षं माझं घर त्याच खिडकीवर चालतं. अपडेट तुमच्या मशीनपर्यंत सुखरूप पोचवणारी टूल्स बनवणं आणि ती बिघडली की का बिघडली ते शोधणं, हे माझं काम. पार्टीत कुणी विचारलं, ‘काय करतेस?’ आणि मी हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ‘अच्छा, म्हणजे ते मधेच येतं ते?’ हो बाबा, मधेच येतं ते!

पण तुमचं बोट ‘नंतर’वर का जातं, ते मला पक्कं माहितीये. कधीतरी एकदा तुम्ही ‘हो’ म्हणाला होतात आणि अख्खी सकाळ वाया गेली होती. अशीच एका माणसाची सकाळ मी स्वतःच्या हाताने घालवली आहे.

लालभडक पट्टी

२०१२ चा जुलै. पुण्यात माझी पहिली नोकरी. आमची छोटीशी कंपनी मेडिकल स्टोअर्ससाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवायची. तोवर नवीन व्हर्जन सीडीवर घालून दुकानोदुकानी पाठवलं जायचं. ते नेटवरून आपोआप जावं म्हणून अपडेटर लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिला. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर झक्कास चालला. एका बुधवारी रात्री तो सगळ्यांसाठी एकदम खुला केला आणि निवांत झोपले.

गुरुवारी सव्वानऊला सपोर्टचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. बहुतेक दुकानं व्यवस्थित होती. पण काही दुकानांत सॉफ्टवेअर उघडतच नव्हतं. जुनं गेलेलं, नवं आलेलं नाही. त्यातला एक फोन माझ्याकडे आला, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचा. साठीचे मेडिकलवाले काका.

‘अहो ताई, दुकानात आठ-दहा माणसं उभी आहेत. कुणाला कुठली गोळी दिली ते सगळं त्या डब्यात. उधारी त्यातच, एक्सपायरीच्या तारखा त्यातच. मी आता करू काय?’

अशा वेळी आम्ही आधी लॉग बघतो. म्हणजे अपडेटरने काय काय केलं, कुठे अडखळला, याची त्याने स्वतः लिहिलेली डायरी. आणि इथे माझी पहिली घोडचूक उघडी पडली. ही डायरी मी ठेवली होती सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये. आणि अपडेटर सगळ्यात आधी काय करायचा? तेच फोल्डर रिकामं! पुरावाच गायब.

मग उरला फक्त फोन. ‘काका, माय कॉम्प्युटर उघडा. काय दिसतंय?’

‘सी आहे, डी आहे. सीच्या खाली लाल पट्टी आहे.’

‘लाल?’

‘लालभडक. डीच्या खाली निळी आहे.’

माझ्या पोटात गोळाच आला. विंडोजमध्ये ड्राइव्ह जवळजवळ भरला की ती पट्टी लाल होते. म्हणजे डिस्कवर जागाच नव्हती! माझा अपडेटर जागा तपासत होता, पण फक्त डाउनलोड होणाऱ्या झिप फाइलपुरती. ती झिप उघडल्यावर किती पसरेल, याचा हिशेब मी केलाच नव्हता. जुनं काढून टाकलं, नवं उतरवायला घेतलं आणि अर्ध्यात जागा संपली. खेळ खल्लास.

पुढचा शोध तर आणखी लाजिरवाणा. डिस्क भरली होती कशाने? आमच्याच सॉफ्टवेअरने! ते रोज रात्री बॅकअप घ्यायचं आणि जुना बॅकअप कधीच काढायचं नाही. म्हणजे ज्या दुकानांनी आम्हाला सगळ्यात जास्त वर्षं साथ दिली, तीच सगळ्यात आधी आडवी झाली. आणि आमची ऑफिसातली मशीन्स? नवी कोरी. त्यांच्यावर हे कधी दिसणारच नव्हतं.

डेटा वेगळ्या जागी होता म्हणून वाचला. जुने बॅकअप काढून, जुनी सीडी घालून दुपारी दोनपर्यंत काकांचं मशीन सुरू झालं. तोवर ते कार्बन पेपर घालून हाताने बिलं फाडत होते. रात्री दुकान बंद केल्यावर ती सगळी त्यांनी पुन्हा मशीनमध्ये भरली. मी सॉरी म्हणाले. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘झालं ते झालं, ताई. पण आता तुमच्या त्या खिडकीला मी काही ‘हो’ म्हणायचा नाही.’

आधी परतीचं तिकीट

त्या दिवसापासून अपडेटर डिझाइन करायला बसलं की माझ्या कागदावर पहिला प्रश्न असतो, ‘बिघडलं तर?’ बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही फ्लॅट बदलता तेव्हा काय करता? नव्या घरात पाणी येतंय, लाइट आहे, दाराला कुलूप लागतंय हे बघितल्याशिवाय जुन्या घराची किल्ली मालकाला देता का? अपडेटचंही तसंच. नवं व्हर्जन जुन्याच्या डोक्यावर ओतायचं नाही. शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवायचं, तपासायचं आणि मग फक्त दारावरची पाटी बदलायची. जुनं तसंच राहू द्यायचं. नवं चाललं नाही तर पाटी पुन्हा जुन्या दारावर. अँड्रॉइडने २०१६ मध्ये ७.० व्हर्जनबरोबर हीच सोय आणली. अशा फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन कप्पे असतात. तुम्ही रील्स बघत असता तेव्हा नवी सिस्टिम रिकाम्या कप्प्यात उतरत असते. रीस्टार्टला कप्पा बदलतो आणि नवी सिस्टिम सुरूच झाली नाही तर फोन जुन्या कप्प्यावर परत येतो.

दुसरी गोष्ट, ‘उघडलं’ म्हणजे ‘चाललं’ नव्हे. सॉफ्टवेअर सुरू झालं, पण बिल निघतंय का? प्रिंटर ओळखतोय का? हे अपडेटरने स्वतः करून बघायचं आणि जमलं नाही तर कुणाला न विचारता मागे फिरायचं. तिसरी गोष्ट, अपडेटर सॉफ्टवेअरपासून वेगळा, छोटा आणि साधा हवा. घर कोसळलं तरी फायर ब्रिगेड शाबूत पाहिजे ना! लॉगसुद्धा वेगळ्या जागी. (हे मी आता झोपेतही सांगेन.)

आणि टेस्टिंग? माझी सगळ्यात आवडती टेस्ट म्हणजे अपडेट चालू असताना सरळ प्लग खेचायचा. वीस टक्क्यांवर, पन्नासवर आणि नव्व्याण्णववर. मग मुद्दाम डिस्क भरून ठेवायची. नेट मधेच तोडायचं. मशीनचं घड्याळ दहा वर्षं मागे न्यायचं, कारण जुन्या मशीनची बॅटरी गेली की तारीख चुकते आणि मग अपडेटरला सर्व्हरचं ओळखपत्रच खोटं वाटायला लागतं. ऑफिसातल्या चकाचक मशीनवर सगळंच चालतं. खरी परीक्षा काकांच्या दुकानात असते.

७८ मिनिटं आणि ८५ लाख मशीन्स

तुम्ही म्हणाल, ही छोट्या कंपनीची छोटी चूक. मोठ्यांचं असं होत नसेल. मग १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने विंडोज मशीन्ससाठी एक छोटीशी फाइल पाठवली. प्रोग्राम २१ गोष्टी वाचायला गेला, त्याला मिळाल्या होत्या २०. एकविसावी वाचायला तो मेमरीत भलतीकडेच गेला आणि मशीन कोसळलं. पुन्हा सुरू केलं की पुन्हा कोसळणार. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली होती. विमानं रखडली, हॉस्पिटल्सची कामं अडली. भारतात काही प्रवाशांच्या हातात चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. ते फोटो बघताना मला काकांचं कार्बन पेपरचं बिलबुक आठवलं.

सगळ्यात मोठा त्रास पुढेच होता. मशीन सुरूच होत नाही, तर दुरुस्तीचा नवा अपडेट घेणार कोण? त्यामुळे अगणित मशीन्ससमोर माणसाला स्वतः बसावं लागलं. सेफ मोडमध्ये जा, ती फाइल शोधा, डिलीट करा, पुढच्या मशीनकडे चला.

चूक कुणाकडूनही होते. पण ही फाइल एकदम सगळीकडे गेली, हे नडलं. भाजीत मीठ किती पडलंय ते आपण चमचाभर चाखून बघतो, पातेलंभर वाढून नाही. अपडेटही आधी शंभरातल्या एका मशीनवर पाठवायचा, थोडा वेळ थांबायचं, त्या मशीन्स ठीक आहेत ना ते बघायचं, मग दहांवर, मग सगळ्यांवर. त्या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाइल्स टप्प्याटप्प्याने पाठवायचं आणि ग्राहकाला त्यावर जास्त ताबा द्यायचं ठरवलं. २०१२ च्या त्या बुधवारी मी एवढं जरी केलं असतं, तर काकांची सकाळ वाचली असती.

‘नंतर’ची किंमत

मग अपडेट करायचेच नाहीत का? इथेच तर खरी पंचाईत आहे.

शुक्रवार, १२ मे २०१७. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरायला लागला. बघता बघता दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त मशीन्समधल्या फाइल्सना कुलूप लागलं. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटल्सना अपॉइंटमेंट्स आणि ऑपरेशन्स रद्द करावी लागली. आणि ज्या भगदाडातून तो आत शिरत होता, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने आधी!

बातमी वाचली आणि मी सरळ काकांना फोन लावला. कंपनी मी कधीच बदलली होती, पण नंबर होता. ‘काका, विंडोजचे अपडेट चालू आहेत ना?’

‘छे हो ताई. तुमचं ते झालं ना, त्याच आठवड्यात भाच्याला सांगून सगळं बंद करून टाकलं.’

पाच वर्षं! माझी एक चूक आणि तो माणूस पाच वर्षं उघड्या दाराने दुकान चालवत होता. नशीब, व्हायरस त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. त्या रविवारी आम्ही फोनवर बसलो. आधी बॅकअप पेन ड्राइव्हवर, मग तो एक पॅच. काकांनी तीनदा विचारलं, ‘बिघडलं तर?’ तिन्ही वेळा मी सगळं नीट समजावून सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, ‘बरं, दाबतो.’ मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत दोन्हीकडे कुणी बोललं नाही. मग पलीकडून आवाज आला, ‘आली हो स्क्रीन!’ हुश्श!

तेव्हापासून माझ्या अपडेटच्या खिडकीत मी तीन गोष्टी लिहायला लावते. किती वेळ लागेल, दुकान किंवा ऑफिस सुटल्यावर करता येईल का आणि बिघडलं तर जुनं कसं परत येईल. ‘आता की नंतर’ एवढंच विचारलं तर माणूस ‘नंतर’च म्हणणार!

जाता जाता, तुमच्यासाठी

• मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. म्हणून त्या बुधवारी सकाळी साडेनऊचं प्रेझेंटेशन असेल तर सावधान! बुधवारी घरी जाताना रीस्टार्ट करा.

• विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ असतात. तुमच्या कामाची वेळ तिथे सांगून ठेवा, म्हणजे मशीन त्या वेळात आपणहून रीस्टार्ट होणार नाही.

• अपडेटआधी तीन गोष्टी बघा. चार्जर लावलाय, डिस्कवर जागा आहे, महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी दुसरीकडे आहे. पट्टी लाल असेल तर आधी साफसफाई!

• मेल, एसएमएस किंवा वेबसाइटवरच्या पॉपअपमधून आलेला ‘अपडेट’ कधीच घेऊ नका. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथूनच घ्या.

• अडकलंच, तर पॉवर बटण दाबायच्या आधी स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा. आयटी सपोर्टवाला तुम्हाला दुवा देईल.

• अजून विंडोज १० वर आहात? त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता ‘नंतर’ म्हणायलाही खिडकी येणार नाही!

बाकी माझं विचाराल, तर हा लेख लिहिताना माझ्या कोपऱ्यात ती खिडकी दोनदा येऊन गेली. काकांना कळलं तर काय म्हणतील? लेख मेल केला की लगेच करते रीस्टार्ट. नक्की!