परदेश पर्यटनातील फसवणूक व किरकोळ चोरी : स्वरूप, कारणे आणि प्रतिबंध

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. अशा गावांतील माणसांचा दूरचा प्रवास एके काळी पंढरपूरची वारी किंवा काशीयात्रा एवढ्यापुरता मर्यादित होता. आज याच परिसरातील शिक्षक, प्राध्यापक व निवृत्त कर्मचारी उन्हाळी सुटीत बँकॉक, सिंगापूर, पॅरिस, रोम येथे जातात. अनेकांसाठी हा आयुष्यातील पहिला परदेश प्रवास असतो आणि त्यामागे अनेक वर्षांची बचत असते. त्यामुळे तेथे होणारी चोरी किरकोळ म्हटली जात असली, तरी तिचा परिणाम किरकोळ नसतो. प्रस्तुत लेखात अशा फसवणुकीचे स्वरूप, तिची कारणे व प्रतिबंधाचे उपाय यांचे विवेचन केले आहे.

फसवणुकीचे स्वरूप

खिसेकापूंचा उपद्रव केवळ गरीब देशांतच असतो, हा समज चुकीचा आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१३ मध्ये खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून काम बंद केले आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिले. मे २०१५ मध्ये याच कारणावरून आयफेल मनोऱ्याचे दरवाजे काही तास बंद राहिले.

पर्यटकांना गाठण्याच्या रीती बऱ्याच अंशी ठरलेल्या आहेत. पॅरिसमध्ये एखादी व्यक्ती पायाशी पडलेली पितळी अंगठी उचलून ‘ही आपली का?’ असे विचारते आणि मग मोबदला मागते. मॉन्मार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर बोलता बोलता मनगटावर रंगीत दोरा बांधला जातो व त्याचे पैसे वसूल केले जातात. बँकॉकच्या राजवाड्याजवळ सभ्य वेशातील माणूस ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून स्वस्त वाहनात बसवतो. वाहन मात्र रत्नांच्या दुकानाशी थांबते. बार्सिलोनात अंगावर घाण उडविली जाते, एकजण ती पुसू लागतो आणि दुसरा पिशवी लांबवितो. काही शहरांत साध्या वेशातील तोतये पोलीस तपासणीच्या नावाखाली पाकीट मागतात.

कारणमीमांसा

या सर्व प्रकारांत एक समान सूत्र आढळते. चोर पर्यटकाच्या अज्ञानाचा फायदा घेतो, हे खरेच; पण त्याहून अधिक फायदा तो सौजन्याचा घेतो. बोलणाऱ्यास उत्तर द्यावे, मदत करणाऱ्याचे आभार मानावेत, अधिकाऱ्याचा आदर करावा, चारचौघांत वाद घालू नये, हे सुसंस्कृत माणसाचे गुणच सापळ्याचे साधन बनतात. त्यामुळे ‘सुशिक्षित माणूस फसत नाही’ ही समजूत निराधार ठरते. किंबहुना भिडस्त व घाईत असलेला सुशिक्षित पर्यटक हे सोपे सावज होय.

दुसरे कारण म्हणजे विस्मृतीत गेलेले यात्रेचे शहाणपण. जुन्या पिढीतील यात्रेकरू सर्व पैसा एका ठिकाणी ठेवीत नसत. काही कनवटीला, काही कमरेच्या बटव्यात, तर काही गाठोड्याच्या तळाशी ठेवला जाई. तीर्थाच्या ठिकाणी न बोलावता पुढे येणाऱ्या वाटाड्याकडे ते सावधपणे पाहत. आजचा पर्यटक पारपत्र, कार्डे, रोकड व भ्रमणध्वनी एकाच पिशवीत ठेवतो. ती गेली की परक्या देशात तो एकाच क्षणी निराधार होतो.

प्रतिबंधाचे उपाय

पहिला उपाय घरीच करावयाचा आहे. सहल कंपनीला रोख रक्कम देऊ नये. कंपनीच्या नावे बँकेतून पैसे भरून पावती घ्यावी. परदेशी सहलीच्या रकमेवर ऑक्टोबर २०२० पासून उगमस्थानी करवसुलीची तरतूद लागू झाली आहे. त्यामुळे पॅन क्रमांक न विचारता रोखीचा आग्रह धरणारा विक्रेता संशयास्पद मानावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदारास आपल्या निवासाच्या ठिकाणी तक्रार दाखल करता येते. म्हणजेच कंपनी मुंबईची असली, तरी तळेगावच्या ग्राहकाला वर्ध्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

दुसरा उपाय विभागणीचा. दिवसापुरती रोकड खिशात, उर्वरित रक्कम व दुसरे कार्ड वेगळ्या जागी ठेवावे. कार्डावरील परदेशी व्यवहारांची मर्यादा निघण्यापूर्वी ठरवून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या निर्देशांनी ही सोय ग्राहकांना दिली आहे. पारपत्राच्या छायाप्रती सोबत व घरी ठेवाव्यात. जपानसारख्या देशात पर्यटकाने मूळ पारपत्र जवळ बाळगणे बंधनकारक आहे. तेथे ते कपड्यांच्या आत ठेवावे. दुचाकी वा जलवाहन भाड्याने घेताना पारपत्र तारण म्हणून कधीही देऊ नये. वस्तू परत करताना जुन्याच ओरखड्याची भरपाई मागितली जाते आणि पारपत्र अडकलेला पर्यटक मागितलेली रक्कम देऊन मोकळा होतो.

तिसरा उपाय म्हणजे नकाराची पूर्वतयारी. अनोळखी व्यक्ती आपणहून जवळ आली, तर न थांबता पुढे जाणे हा उद्धटपणा नव्हे. प्रेक्षणीय स्थळ बंद असल्याची खात्री त्याच्या तिकीट खिडकीवरच करावी. पाकीट मागणाऱ्या पोलिसास ‘ठाण्यात चला, तेथे दाखवतो’ असे शांतपणे सांगावे.

चोरी झाल्यानंतर

चोरीनंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. प्रथम कार्ड बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाची चूक नसलेल्या अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सूचना तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार पडू नये आणि विलंबाबरोबर तो वाढावा, असे तत्त्व घालून दिले. त्यानंतर स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. युरोपीय संघातील देशांत ११२ आणि थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक उपयोगी पडतो. पारपत्र हरविल्यास पोलीस तक्रारीच्या आधारे भारतीय दूतावास मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो.

येथे मोठा अडथळा लज्जेचा असतो. ‘एवढे शिकून फसलो’ हे सांगण्याचा संकोच वाटतो. म्हणून बँकेला कळविण्यास उशीर होतो, तक्रार राहून जाते आणि विम्याचा दावाही दुबळा होतो. चोराने नेलेल्या रकमेत मौनाने होणाऱ्या नुकसानीची भर पडते.

समारोप

परदेशातील सुरक्षितता म्हणजे प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहणे नव्हे. बहुसंख्य स्थानिक नागरिक प्रामाणिकच असतात. ज्याला आपण होऊन मदत मागितली तो, आणि न मागता मदतीस आला तो, यांतील फरक ओळखणे पुष्कळदा पुरेसे ठरते. पैशाची विभागणी, ठाम नकार आणि तत्काळ तक्रार या तीन सवयी घरातून निघतानाच अंगी बाणविल्यास प्रवासाचा आनंद व आयुष्याची बचत दोन्ही सुरक्षित राहू शकतात. महाविद्यालयांनी सहलीपूर्वी वा परिषदेसाठी परदेशी जाणाऱ्यांना तासाभराचे मार्गदर्शन दिले आणि फसवणूक झालेल्या सहकाऱ्याचा अनुभव उपहास न करता ऐकून घेतला, तर पुढे जाणाऱ्याची वाट अधिक निर्धोक होईल.