मामाल ते मावळ

सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख तो मावळ, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. व्युत्पत्ती गोड आहे, पण कार्ल्याच्या लेण्यातले लेख वेगळं सांगतात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या ब्राह्मी ओळींत ‘मामाल’ हे नाव येतं, आणि ते रानाचं नाही, कारभाराच्या विभागाचं आहे. तिथे अमात्य बसतो, त्याला राजाज्ञा सुटते. मावळ हे मामालचंच पुढचं रूप, असं अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं.

लेख बारकाईने पाहिले की मजा वाढते. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात इथल्या वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक गाव देतो. पुढे सातवाहन राजा पुळुमावीच्या सातव्या वर्षी एक महारठी गाव देतो, तेही करांसकट. आधी गाव, त्यात शेत आणि शेतावर सारा असल्याशिवाय असं दान होत नाही.

डोंगरात इतकी घडी बसली ती वाटेमुळे. कल्याण-सोपाऱ्याचा माल बोरघाट चढून इंद्रायणीच्या खोऱ्यात यायचा. कार्ले आणि भाजे त्या खोऱ्याच्या दोन अंगांना, बेडसे पलीकडे पवनेच्या बाजूला. देणगीदारांत धेनुकाकटाचे यवन आहेत, दूरच्या वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपालही आहे. आडरानात इतक्या लांबचे पैसे कोण घालेल?

पुढच्या शतकांत मावळाची वाटणी नद्यांनी केली. पवन मावळ, आंदर मावळ, मोसे खोरं, गुंजण मावळ. (बारा मावळांची यादी विचारू नका, दोन याद्या जुळत नाहीत.) मधल्या डोंगरसोंडांमुळे प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा. रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडसात बांदल, मोसे खोऱ्यात पासलकर. तळाच्या खाचरांत भात. वरच्या वरकस उतारांवर नाचणी, वरी, आणि दोन-तीन पिकांनंतर जमीन पडीक.

ही वस्ती मोडायचीही. 1630 च्या आसपास दुष्काळ आणि आदिलशाही सरदार मुरार जगदेवाची स्वारी, दोन्ही एकापाठोपाठ आली. मग दादोजी कोंडदेवांनी लांडगे मारणाऱ्यांना इनाम दिलं, नव्या कुळाला आधी नाममात्र आणि मग दरसाल चढता सारा लावला, असं बखरी सांगतात. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत.

मोसे खोऱ्याच्या तळाशी आज वरसगाव धरणाचं पाणी आहे. त्या जलाशयाला नाव दिलंय वीर बाजी पासलकरांचं.