घरच्या नेटवरून लिनक्स टाकायचंय? मग आधी फाईलचा आकार बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या काल्हेरसारख्या गोदामांच्या पट्ट्यात किंवा घरात असा जुना कॉम्प्युटर पडून असेल, तर तो लगेच भंगारात काढायची गरज नाही. त्यावर लिनक्स टाकता येतं आणि तेही फुकट.

आता प्रश्न येतो नेटचा. उबंटू २४.०४ ची फाईल साधारण ६ जीबीची. १० एमबीपीएसच्या लाईनवर ती उतरायला किमान ८० मिनिटं लागतात. रोज दीड जीबीचा मोबाईल पॅक असेल, तर विषयच संपला.

दुसरा पर्याय डेबियनच्या 'नेटइन्स्ट'चा. ही फाईल १ जीबीच्या आत बसते. पण बाकीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना नेटवरूनच येतं. म्हणजे मध्येच लाईट गेली की काम अडकलं. नेटचा भरवसा नसेल, तर मोठी फाईल टॉरेंटनं उतरवा. नेट तुटलं तरी डाउनलोड थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं.

फाईल आली की तिचा चेकसम जुळवा, मगच पेनड्राईव्ह बनवा. पेनड्राईव्हमधला जुना डेटा पुसला जातो. 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडला, तर कॉम्प्युटरमधलाही. म्हणून बॅकअप आधी.

आणि हिशेब टॅलीवर असेल तर थांबा. टॅली विंडोजसाठी बनलंय, लिनक्सवर ते थेट चालत नाही.