तेल म्हणजे गुप्तधन नव्हे

इस्लामपूरच्या आसपास उसाच्या रानातल्या एखाद्या बोअरच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, की खाली तेल असणार, अशी कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही. मग हिशेब मांडले जातात. सातबारा आपल्या नावावर, म्हणजे तेलही आपलं. नाहीच तर सरकार बक्षीस तरी देईलच!

तवंगाचं खरंखोटं काठीनं बरंचसं कळतं. ढवळल्यावर त्याचे तुकडे पडून ते सुटेच राहिले, तर तो बहुधा पाण्यातल्या लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा थर असतो. पुन्हा एकत्र आला, तर तेलाचा. तेव्हाही मोटारीचं ऑइल किंवा जवळच्या पेट्रोलपंपाची गळती आधी तपासावी. खनिज तेल प्रामुख्यानं गाळाच्या खडकांत तयार होतं आणि इस्लामपूरचा वाळवा तालुका उभा आहे बेसाल्टवर. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना भागात गोठणे इथं सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा साधारण 1250 मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. मधे गाळाचा थर नाही. इस्लामपूरच्या खालीही अगदी तसंच असेल असं यावरून ठरत नाही, पण आशा ठेवण्याजोगी ही खूण नव्हे.

समजा, तेल लागलंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार जमिनीवरच्या आणि खालच्या खनिजांचा हक्क राज्य सरकारचा. तेलक्षेत्रांचं नियमन मात्र केंद्राकडे आहे, त्यासाठी 1948 चा स्वतंत्र कायदा आहे. जमीन वापरली तर शेतकऱ्याला भरपाई मिळते, तेलाच्या विक्रीत वाटा नाही. लोकांच्या डोक्यात घोळत असतो तो 1878 चा गुप्तधनाचा कायदा. मूळ मालक सापडला नाही, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश, ही त्यातली वाटणी पुरलेल्या ऐवजाची आहे.

बक्षिसाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. फक्त ती इथली नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं पहिल्या तेलविहिरीसाठी 50,000 डॉलर जाहीर केले होते. 1943 मध्ये सनीलँडला तेल लागलं. हंबल कंपनीनं बक्षीस घेतलं, त्यात 10,000 डॉलरची भर घातली आणि सगळी रक्कम दोन शिक्षणसंस्थांना देऊन टाकली.

  

शेतकऱ्याचं सोडा, मुंबई हायच्या तेलाची रॉयल्टी महाराष्ट्र सरकारलाही मिळत नाही. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगनं ते शोधलं ते किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, आणि राज्यघटनेच्या कलम 297 प्रमाणे समुद्रतळाची खनिजं केंद्राची. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी मात्र राज्याला मिळते. आसाम आणि गुजरातच्या तिजोरीत ती वर्षानुवर्षं जमा होते आहे.