खाडीतल्या उजेडाचा दफ्तरी हिशेब

कल्याणच्या खाडीत डुबी मारून रेती काढणारे मजूर वर्षानुवर्षे तळाशी गेले ते डोळ्यांच्या भरवशावर नव्हे, हातांच्या. कारण भरती-ओहोटीने ढवळलेल्या त्या गाळमिश्रित पाण्यात थोड्याच खोलीवर माणसाला स्वतःचा पंजा दिसेनासा होतो. एका सकाळी रेतीबंदराहून होडीने जाताना मीही दोरीला पांढरी बशी बांधून पाण्यात सोडली. हातभर दोरी सुटते न सुटते तोच बशी चहाच्या रंगाची झाली, तिची कड विरघळली आणि ती नाहीशी झाली. पाण्याची पारदर्शकता मोजण्याच्या याच रीतीला आंजेलो सेक्की या रोमच्या ज्योतिर्विदाने १८६५ साली, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात प्रयोग करून, शास्त्रीय बैठक दिली.

परंतु बशी सांगते ती केवळ खोली. त्या खोलीवर उजेड कोणकोणत्या दिशांनी आणि किती येतो, याचा तपशील तिच्या दफ्तरी नाही. तो मिळवायचा तर असा कॅमेरा पाण्याखाली न्यावा लागतो, की ज्याच्या मत्स्यनेत्री भिंगात अवघा अर्धगोल मावेल आणि ज्याच्या चित्रातला प्रत्येक बिंदू एकेका दिशेची नोंद ठरेल. माशाला वरचे जग कसे दिसत असेल, हे पाण्याने भरलेल्या भांड्यात छायाचित्रणाची काच ठेवून रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली दाखविले होते. शांत पाण्याखालून पाहता क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात आक्रसते. त्याबाहेर पृष्ठभाग आरसा होऊन खालचेच पाणी दाखवितो.

मायामी विद्यापीठातील केनेथ वॉस यांनी १९८९ साली इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचे असे उपकरण प्रसिद्ध केले. यातली खरी मेहनत चित्र घेण्यात नाही, त्याचा हिशेब चोख ठेवण्यात आहे: भिंगाच्या कडेला उजेड किती घटतो, झाकण लावल्यावरही संवेदक किती आकडा दाखवितो, हवेत ठरविलेले माप पाण्यात किती बदलते, हे सारे ज्ञात दिव्यापुढे पडताळल्यावरच त्या आकड्यांची साक्ष ग्राह्य धरता येते.

स्वच्छ समुद्रात पुष्कळ खोलीपर्यंत सूर्याची बाजू ओळखू येते. पुढे मात्र सूर्य कोठेही असो, सर्वांत उजळ दिशा सरळ माथ्यावरचीच उरते आणि उजेडाची दिशावार वाटणी कायम होते. गाळाचे कण किरणांना इतके विखुरतात, की आमच्या खाडीत हे स्थित्यंतर फारच उथळ पाण्यात घडत असले पाहिजे. उपग्रह पाण्याचा रंग बहुधा तिरक्या नजरेने पाहतो, म्हणून त्याच्या आकड्यांचा अर्थ लावताना हीच दिशांची वाटणी हाताशी असावी लागते. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी ज्या शेवाळावर जगतात, त्यालाही सूर्य लागतोच. तो चिखलापर्यंत कोणत्या वाटेने, भरतीत किती आणि ओहोटीत किती पोहोचतो, याची बारमाही नोंद येथे व्हावी, अशी माझी मनःपूर्वक मागणी आहे.