पेटीतला स्वेटर उसवावा की नाही

होळीच्या आसपास दिल्लीतल्या घराघरांतले लोकरी कपडे धुतले जातात, त्यांना ऊन दाखवलं जातं आणि मग ते पलंगाच्या पेटीत जातात. मध्ये कडुनिंबाची पानं नाहीतर डांबराच्या गोळ्या पडतात. घर करोलबागेतलं असो, नोएडातलं असो की गुडगावातल्या विसाव्या मजल्यावरचं, या आवराआवरीत दोन-चार नग असे निघतातच, ज्यांना धुवायची गरजच पडलेली नसते. नोव्हेंबरात ते पेटीतून निघाले, कपाटाच्या वरच्या कप्प्यात बसून राहिले आणि मार्चमध्ये घडीही न मोडता पुन्हा पेटीत गेले. हे नग बहुधा हातानं विणलेले असतात. कुणाच्या तरी मावशीनं, सासूनं किंवा शेजारच्या भाभींनी आठवडेच्या आठवडे खपून केलेले. म्हणून ते टाकवत नाहीत. अंगाला टोचतात, खांद्यात उतरतात किंवा रंग जमत नाही, म्हणून घालवतही नाहीत. असा स्वेटर निःशंक मनानं उसवावा आणि त्या लोकरीचं दुसरं काही विणावं, असं माझं म्हणणं आहे. ते ऐकून अनेकांच्या पोटात कालवतं याची मला जाणीव आहे.

दिल्लीत हातविणीचे कपडे इतके का साठले, हे आधी पाहायला हवं. इथली थंडी खरी थंडी आहे. सफदरजंगच्या वेधशाळेत ३० डिसेंबर २०१९ ला दिवसाचं कमाल तापमानच ९.४ अंश होतं. पण जाड लोकर अंगावर हवीशी वाटावी असे दिवस वर्षात जेमतेम दीड-दोन महिने. एकेकाळी या शहरातला हिवाळा म्हणजे गच्चीवर, अंगणात, सरकारी कचेऱ्यांच्या हिरवळीवर दुपारचं ऊन अंगावर घेत चाललेल्या सलाया. महाराष्ट्रातून बदलीनं आलेल्या बाईला विणकाम मराठीतून येत असलं, तरी इथे आल्यावर टाक्यांना ‘फंदे’ आणि सुयांना ‘सलाई’ म्हणायची सवय व्हायची. पुढे लुधियानाच्या यंत्रांवरचे स्वेटर स्वस्त झाले. ते आणून विकणारे तिबेटी निर्वासितांचे बाजार दर हिवाळ्यात भरू लागले. दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या मॉनेस्ट्री मार्केटमध्ये तर हातविणीच्या लोकरीच्या खर्चात तयार स्वेटर मिळू लागला. घालणाऱ्यांनी हातविणीचा स्वेटर सोडला, विणणाऱ्यांनी मात्र विणणं सोडलं नाही, कारण त्यांच्यासाठी ती माया करायची एक रीत होती. पेटी भरली ती या अंतरामुळे. बारशाची टोपडी, मोजे, झबली यांचंही तेच होतं. एकाच बाळाला पाच घरांतून पाच संच येतात आणि तीन महिन्यांत बाळाला ते सगळे लहान होतात. त्यातले दोन कधी अंगाला लागलेलेच नसतात. नोकरीची वर्षं इथे काढून निवृत्तीनंतर पुण्याला परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानात तर अख्खा हिवाळा बांधलेला असतो, आणि पुण्याची थंडी त्याला पुरी पडत नाही.

हातविणीत किती श्रम असतात, तेही मोजून पाहू. छत्तीस इंच घेराचा, चोवीस इंच लांबीचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर धरा. इंचाला पाच टाके, उभ्या इंचाला सहा ओळी. पुढचा-मागचा भाग मिळून सुमारे २६ हजार टाके झाले आणि दोन्ही बाह्यांचे तेरा हजारांच्या आतबाहेर. गळा आणि काखेची घट वजा केली तरी ३५ हजार टाके राहतात. सराईत हात मिनिटाला तीस टाके विणतो असं मानलं तर निव्वळ विणायला जवळपास वीस तास लागतात. चुकलेल्या ओळी, मोजमापं आणि शिवण वेगळीच. ‘एवढं केलेलं उसवायचं?’ हा प्रश्न या आकड्यातूनच येतो. पण ते वीस तास खर्च होऊन गेलेले आहेत. पेटीत ठेवल्यानं ते परत मिळत नाहीत आणि उसवल्यानं दुसऱ्यांदा खर्चही होत नाहीत. त्या श्रमांतून आज हाती उरलेली वस्तू म्हणजे लोकर. तीही पेटीत कायम टिकत नाही.

कसर म्हणतो तो किडा लोकर खातो, कारण लोकर हे प्रथिन आहे, आपल्या केसांसारखंच केराटिन. त्याच्या अळ्यांना अंधार आणि न हलवलेल्या घड्या लागतात. रोज वापरात असलेल्या स्वेटरला कसर सहसा लागत नाही, जपून ठेवलेल्याला लागते. विणलेल्या कपड्यात एक जागा कुरतडली गेली की ते भोक टाक्यागणिक खाली धावतं. उसवायला घेतलं तर अशा ठिकाणी धागा पन्नास जागी तुटलेला सापडतो. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही हे खरं, पण तो प्लास्टिकचाच एक भाऊ आहे. तो कुजत नाही, जिरत नाही, टाकला तर तसाच राहतो. चांगल्या मऊ लोकरीची गोष्ट आणखी वेगळी. भारतातल्या मेंढ्यांची लोकर बरीचशी जाडीभरडी, गालिच्यांच्या कामाची. अंगावर घालायची मऊ मेरिनो मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून येते. अर्धं जग ओलांडून आलेली वस्तू आपण किड्यांसाठी झाकून ठेवतो, हे मला बरं वाटत नाही.

मग देऊन टाकावा का? कुठे जातो तो, तेही पाहू. महाराष्ट्रात बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते. दिल्लीतही फेरीवाल्या बायका तेच करतात आणि त्यांनी गोळा केलेले कपडे पश्चिम दिल्लीत रघुबीरनगरच्या बाजारात भल्या पहाटे विकले जातात. जे नेसण्या-घालण्याजोगं ते पुढे बाजारात जातं, बाकीचं चिंध्या म्हणून. लोकरी चिंध्यांचं मोठं ठिकाण पानिपत. मराठी माणसाच्या मनात या गावाला १७६१ हे साल चिकटलेलं आहे. आजचं पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतं, दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, आणि जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचा फडशा तिथे पडतो. युरोप-अमेरिकेतून कापून आणलेले कोट आणि स्वेटर इथे रंगांप्रमाणे वेगळे होतात. आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यांवर बायका त्यांची बटणं, चेन, अस्तर काढतात. मग यंत्र त्यांच्या चिंधड्या करून पुन्हा तंतू काढतं आणि त्याचं सूत कातून घोंगड्या विणल्या जातात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ च्या माहितीपटात हे सगळं दिसतं. इतके धड कपडे लोक टाकतात तरी का, याचा तर्क करताना त्यातल्या कामगार बायका म्हणतात, तिकडे पाणी फार महाग असेल, धुणं परवडत नसेल.

पानिपतच्या या धंद्याबद्दल मला आदर आहे. भूकंप-पुरांनंतर वाटल्या गेलेल्या कितीतरी घोंगड्या तिथल्या आहेत. पण यंत्रानं फाडलेला तंतू आखूड होतो, आणि आखूड तंतूचं सूत कमजोर होतं. ही युक्ती यॉर्कशरमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यानं १८१३ च्या सुमारास शोधली. तिथे त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत आणि पुढे इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच ‘निकृष्ट’ असा झाला. यंत्राला फाडावंच लागतं, कारण मागावरचं कापड उभ्या-आडव्या शेकडो धाग्यांचं असतं. ते मूळ धाग्यात परत नेता येत नाही. हातविणीचा स्वेटर मात्र मुळात एकच लांबलचक धागा असतो, फाशातून फासा ओढत नेलेला. गाठ सोडून ओढला की तो न तुटता, न झिजता जसाच्या तसा मागे येतो. मागावरच्या कापडाला अशी उलट वाट नाही. ती वाट हाताशी असताना हा स्वेटर विळीकडे का पाठवावा?

उसवायचं कसं, हे थोडं जवळून सांगतो. आधी स्वेटर उलटा करून शिवण पाहायची. दोन कडा सुईनं जोडलेल्या असतील तर काम सोपं. कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर तो यंत्राचा, त्यातून तुकडेच निघतील, त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवणीचा धागा हलक्या हातानं काढून पुढा, पाठ, बाह्या सुट्या करायच्या. मग टाके बंद केलेलं टोक शोधायचं, बहुधा गळ्याशी किंवा खांद्याशी. टाके घातलेल्या कडेकडून ओढलं तर धागा अडकतो, विणीच्या उलट दिशेनंच तो सरळ येतो. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जायचं, गुंडा करायचा नाही. त्याची लडी चार ठिकाणी सैल बांधायची. या वेळी धागा मॅगीच्या शेवयांसारखा नागमोडी दिसतो आणि पुष्कळांचा धीर इथेच खचतो. लोकरीची ही वळणं कायमची नसतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी केसांना लाटा येतात, आणि पुन्हा भिजवले की त्या जातात. पाण्यात केराटिनचे अंतर्गत बंध सैल होतात आणि वाळताना नव्या आकारात बसतात. लडी कोमट पाण्यात, हवं तर रिठ्याच्या पाण्यात, अर्धा तास न चोळता बुडवून ठेवायची. चोळलं तर लोकर आटते. टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि खाली हलकं वजन लावून सावलीत टांगायची. अ‍ॅक्रिलिकच्या लडीलाही हेच, फक्त तिला जास्त वाफ दाखवायची नाही, धागा मरगळतो. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरमधून चारशे-पाचशे ग्रॅम लोकर निघते. त्यात लहान मुलांचे दोन-तीन स्वेटर होतात.

सर्वांत मोठा आक्षेप विणणाऱ्याच्या मनाचा आहे. प्रेमानं दिलेलं उसवणं म्हणजे अपमान, असं वाटतं. आपल्या भाषेनं हा समज पक्का केला आहे. नात्याची वीण उसवली म्हणतो तेव्हा काहीतरी वाईट घडलेलं असतं. हिंदीत मनाच्या घालमेलीला ‘उधेडबुन’ म्हणतात, पण त्या शब्दात निदान उधेडणं आणि बुनणं एकमेकांना लागून उभे आहेत. मराठीत उसवणं एकटं पडलं आहे. खरं तर आपल्याकडेच आजीच्या लुगड्याची गोधडी होते. लुगडं फाडलं, टाके घातले, आणि त्यात आजीचा अनादर झाला असं कुणाला वाटत नाही. उलट तिचीच ऊब मिळाली म्हणतात. लुगड्याला लावतो तो न्याय स्वेटरला का लावू नये? शिवाय विणणाऱ्यांना उसवणं जितकं सहज वाटतं तितकं घेणाऱ्यांना वाटत नाही. त्यांनी तो स्वेटर विणताना दहादा चार-चार ओळी उसवलेल्या असतात. पंजाब-दिल्लीकडच्या घरांत मूल वाढलं की जुना स्वेटर उसवून, कमी पडेल तिथे दुसऱ्या रंगाचे पट्टे घालून नवा करायची रीत जुनी आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून कपडे रेशनवर आले आणि १९४३ मध्ये सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली, तेव्हा तिथल्या घरांतही हेच चाललं होतं. देणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारावं, आणि जमलं तर उसवायलाही तिलाच बरोबर घ्यावं. तिनं केलेला स्वेटर घातला जात नाही हे तिला बहुधा आधीच कळलेलं असतं. न बोलता पेटी बंद करणं तिला अधिक लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. जानेवारीत दिल्लीच्या फुटपाथवर माणसं कुडकुडत असताना लोकर उसवत बसायचं? नाही. धड, उबदार आणि कुणाच्याही अंगाला येईल असा स्वेटर देऊनच टाकावा, आणि तो नोव्हेंबरात द्यावा, मार्चमध्ये आवराआवरीच्या निमित्तानं नव्हे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली ती कपडा ही माणसाची मूलभूत गरज आहे हे सांगत. देणाऱ्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याचा मान पाहावा, हा त्यांचा आग्रह राहिला. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच कसोटीवर आपला नग पाहावा. एक बाही लांब असलेला, गळा डोक्यातून न जाणारा, कसरीनं चाळण केलेला स्वेटर गरिबाला दिला तर आपली पेटी तेवढी रिकामी होते. तोच उसवून, नीट मापाचं टोपडं विणून दिलं तर ते एखाद्या बाळाच्या कानावर बसतं.

वेळेचा हिशेब मांडणारेही असतात. नवी लोकर स्वस्त आहे, उसवायला-धुवायला दोन संध्याकाळी जातात, परवडत नाही म्हणतात. साध्या अ‍ॅक्रिलिकबाबत ते बरोबर असतील. पण हातविणीचा हिशेब कधीच पैशात बसलेला नाही, नाहीतर पहिला स्वेटरही झाला नसता. मुळातच विणायला आवडणाऱ्याला उसवणंही विणकामाचाच भाग वाटेल. ज्याला विणायचं नाही त्यानं लडी धुवून विणणाऱ्याच्या हाती द्यावी.

काही स्वेटर मात्र उसवू नयेत. जो खूप घातला गेला, कोपरं झिजली, त्याचं काम झालं आहे, त्याचा धागाही आता दुबळा असतो. धुण्यात आटून नमदा झालेला उसवत नाही, तो कापून भांडी धरायला घ्यावा. आणि गेलेल्या माणसाच्या हातचा एखादा असा असतो, जो कुणी घालत नाही पण वर्षातून दोनदा काढून मांडीवर घेतात. तो पेटीत पडून आहे असं मी म्हणणार नाही.

बाकीच्यांसाठी मार्च चांगला. दिल्लीत तेव्हा ऊन कोवळं असतं, हवा कोरडी असते आणि बाल्कनीत टांगलेली लडी एका दिवसात वाळते. ऑक्टोबरात सलाया निघेपर्यंत गुंडे तयार असतात, त्यावर जुन्या स्वेटरचा रंग आणि नव्या मापाची चिठ्ठी लावलेली.