कारखाना बंद झाला, हे कुठे लिहिलेलं असतं?

‘कराड’ अशी पाटी असलेल्या रेल्वे स्टेशनवर उतरलं, की माणूस कराडात नाही, ओगलेवाडीत पोचतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातली जागा दिली आणि १९१६ साली ओगले बंधूंनी इथे काचकारखाना काढला. पुढे इथला कंदील वडिलांच्या नावाने ‘प्रभाकर’ म्हणून घरोघरी गेला. त्याआधी १९१० साली औंधकरांनीच कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला होता. एक वाडी आज सातारा जिल्ह्यात आहे, दुसरी सांगलीत. किर्लोस्करवाडीत पंप अजून बनतात. ओगलेवाडीची भट्टी कधीच थंड झाली.

मोबाइलवर मात्र दोन्ही नावं सारखीच जिवंत दिसतात. प्रभाकर कंदील जुन्या वस्तू म्हणून ऑनलाइन विकले जातात, त्यामुळे ओगल्यांचं नाव सतत वर येत राहतं. परगावच्या कुणाला कारखाना चालू आहे असं वाटलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पूर्वी भोंगा वाजला नाही की पंचक्रोशीला कळायचं. आता भोंगा नाही, आणि भिंतीवरची पाटी कुणी उतरवत नाही.

हा प्रश्न माझ्या घरात आला २०१९ साली. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. हिशेब राहिला होता, मालक फोन उचलत नव्हता. नाना म्हणाले, “कंपनी हाय का गेली, एवढं बघ की.” मी बघायला बसलो. वेबसाइट झकास उघडली, यंत्रांचे फोटोही होते. नकाशावर ‘उघडे आहे, सहा वाजता बंद होईल’ असं लिहिलेलं. खालचा फोन नंबर लावला तर तो अस्तित्वातच नव्हता. वेबसाइटचे पैसे कुणीतरी काही वर्षांचे एकदम भरून ठेवले असणार, आणि नकाशावरची वेळ एकदा टाकली की कुणी बदलेपर्यंत तशीच राहते. खरी गोष्ट सापडली एका ट्रकवाल्याच्या अभिप्रायात. दोन वर्षांपूर्वी त्याने फक्त दोन शब्द लिहिले होते: ‘गेटला कुलूप’.

२००६ पासून कंपन्यांची सरकारी नोंद ऑनलाइन बघता येते. तिथे नानांच्या कंपनीपुढे ‘अॅक्टिव्ह’ होतं. त्या शब्दाने मीही आधी फसलो. त्याचा अर्थ एवढाच, की नाव अजून नोंदवहीतून काढलेलं नाही. बघायचा रकाना दुसरा असतो: शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा. इथे ती तारीख होती ३१ मार्च २०१५. कंपनीला दर वर्षी ताळेबंद भरावाच लागतो. सलग चार वर्षं तो नसेल, तर कुलूप लागलेलं आहे असं धरायला हरकत नाही. २०१७ मध्ये अशा दोन लाखांवर कंपन्यांची नावं सरकारने एका झपाट्यात खोडली, तरी कितीतरी राहून गेल्या.

कंपनीच्या ओळखक्रमांकात जन्मसाल असतं. किर्लोस्कर ब्रदर्सच्या क्रमांकात १९२० हा आकडा आजही वाचता येतो. मृत्यूच्या सालाला त्यात जागा नाही.

उलटंही घडतं. शेजारच्या एका वर्कशॉपचा जीएसटी क्रमांक ‘रद्द’ दिसला आणि मी हळहळलो. जाऊन बघितलं तर तीच लेथ, तीच माणसं. भागीदारी मोडून प्रायव्हेट लिमिटेड केली, म्हणून क्रमांक नवा. शिवाय आपण ज्यांना सरसकट ‘कंपनी’ म्हणतो, त्यांतल्या पुष्कळ जागा कायद्याने कंपनी नसतातच. एका माणसाच्या नावावरचा धंदा असतो तो. त्याची नोंद कंपन्यांच्या यादीत सापडली नाही, म्हणून धंदा बुडाला असं कुणी समजू नये. एका पुराव्यावर मी आता कुणालाच मेलेला ठरवत नाही. फोन, ताळेबंद, जीएसटी आणि गेटसमोरचा चहावाला या चौघांचं एकमत झालं, तरच.

नानांच्या कंपनीचं नाव दीड वर्षाने खोडलं गेलं. वेबसाइट त्या दिवशीही चालू होती. नाना गप्प बसून राहिले. चौदा वर्षं तिथे राबलेला माणूस, आणि शेवट ‘स्ट्राइक ऑफ’ या दोन शब्दांत. पण कंपनी कायद्याच्या कलम २५२ प्रमाणे खोडलेलं नाव परत आणण्यासाठी वीस वर्षांपर्यंत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज कोण करू शकतं, त्यात सभासद आणि धनको यांच्याबरोबर कामगाराचंही नाव आहे. ते कलम मी छापून आणलं, ‘कामगार’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि कागद नानांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि रेघेवर बोट ठेवून तो शब्द दोनदा वाचला.